ओलावा शून्य टक्के

अचूक शेती शिकवायला शाळेनं मला निवडलं ते एकाच पात्रतेवर: आमच्याकडे प्रोजेक्टर फक्त मला लावता येतो. बाकी शेतीशी माझा संबंध म्हणाल तर डोंबिवलीच्या गॅलरीतली आईची तुळस. तिला पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं की ती चार दिवसांत मान टाकायची आणि मी म्हणायचो, यंदा ऊन फार आहे.

नोकरीनं मला संगमनेर तालुक्यात आणून सोडलं. इथल्या एका हायस्कुलात मी गणित आणि विज्ञान शिकवतो. वर्गातली निम्मीअधिक पोरं सकाळी धार काढून, डेअरीला दूध घालून मग प्रार्थनेला उभी राहतात. टोमॅटो ऐन जोरात असला की पहिल्या तासाला पेंगतात, कारण रात्री उशिरापर्यंत क्रेट भरलेले असतात. कांद्याची लागण, खुरपणी, फवारणी हे त्यांना चालता येऊ लागल्यापासून ठाऊक. त्यांच्या नखांत जेवढी माती असते तेवढी माझ्या उभ्या जन्मात हाताला लागलेली नाही. या पोरांपुढे उभं राहून मी शेतीवर बोलायचं कसं, असं मी हेडसरांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, शेती येते त्यांना. तुम्ही फक्त अचूक तेवढं शिकवा."

निमित्त होतं एका खोक्याचं. कुणा उदार मंडळींनी ते शाळेला भेट दिलं होतं. आत आर्डुइनोचे बोर्ड, जमिनीत खुपसायचे ओलाव्याचे सेन्सर, रिले, तापमान मोजणारी निळी डबी, वायरींचं भेंडोळं आणि सगळ्यात वर चार भाषांतलं माहितीपत्रक. त्या चारांत आपली एकही नव्हती. खोकं आलं म्हणजे विषय आला, विषय आला म्हणजे तासिका आली, आणि तासिका आली की स्टाफरूममध्ये जो त्या वेळी पाणी प्यायला बाहेर गेलेला असतो त्याच्या नावावर ती पडते.

शाळेत शेती शिकवणं ही आपल्याकडे काही नवलाई नाही. डॉ. श्री. शे. कलबागांनी हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि हातानं काम करत विज्ञान शिकायचा अभ्यासक्रम उभा केला. शेती-पशुपालन हा त्याचा एक भागच होता, आणि पुढे तो राज्यातल्या बऱ्याच शाळांत पोचला. मीही त्याच वाटेचा वारकरी. फरक एवढाच की कलबागांनी हे नोकरी सोडून केलं आणि मी नोकरी टिकवायला.

पहिल्या तासाला फळ्यावर व्याख्या लिहिली. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य तेवढंच बी, खत, पाणी आणि औषध. पोरांनी मुकाट उतरवून घेतली. मग मी प्रोजेक्टर लावला, म्हणजे माझी पात्रता सिद्ध केली. पडद्यावर अमेरिकेतलं मक्याचं शेत आलं. क्षितिजापर्यंत मका, मध्ये एक हिरवं अवजड कम्बाइन. ते कापता कापताच दाणा मोजतं, जीपीएसवरून जागा टिपतं, आणि संध्याकाळी शेताचा रंगीत नकाशा काढून देतं: इथं पीक जास्त, इथं कमी. पुढच्या वर्षी खत त्या नकाशाप्रमाणे कमीजास्त टाकायचं. मी रंगात आलो होतो. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेनं सामान्य लोकांसाठीचा जीपीएसचा संदेश मुद्दाम कसा बिघडवून ठेवला होता, जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची, तो बिघाड काढून टाकल्यावर या सगळ्या शेतीला कसे पंख फुटले, हे मी हातवारे करून सांगितलं.

मागच्या बाकावरून हात वर आला. "सर, एवढं वावर एकट्याचं हाय का भावाभावात?"

एकट्याचं, मी म्हणालो.

"मंग वाटण्या व्हायच्यात अजून," असं म्हणून तो खाली बसला. वर्गाला ते पटलं. महाराष्ट्रात शेतकऱ्याची सरासरी जमीन २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर भरली, म्हणजे सव्वातीन एकर. माझ्या पडद्यावरच्या त्या कम्बाइनला आमच्या गावात वळायलाच चार सातबारे लागले असते.

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्यात कुठं काय येतं ते आज्जीला माहितीये. विहिरीकडचा कोपरा खारवट हाय. तिथं कांदा पोसत नाही, म्हणून आज्जी तिथं लावतच नाही." मी तिला शाबासकी दिली आणि मनात म्हटलं, आजी एक दिवस नसेल तेव्हा काय? नकाशा कायम राहतो. हा मुद्दा मला त्या वेळी फार बिनतोड वाटला होता. नकाशा काढायला मी स्वतः बसणार आहे, हे तेव्हा हिशोबात धरलं नव्हतं.

दुसरा धडा होता दूरनियंत्रणाचा. भविष्यात शेतकरी घरबसल्या फोनवरून मोटार सुरू करेल, असं मी जरा कापऱ्या आवाजात सांगितलं. वर्ग माझ्याकडे काळजीनं बघायला लागला. निम्म्या घरांत मोबाईल स्टार्टर होता. एकाचे पप्पा आषाढीला पंढरपुरातून दर्शनबारीत उभ्या उभ्या मोटार चालू करत होते, आणि बंद करायला विसरले म्हणून आईनं फोनवर त्यांचं जे केलं तेही त्यानं सविस्तर सांगितलं. पुण्याच्या संतोष ओस्तवालांचा 'नॅनो गणेश' हा फोनवरून पंप चालवणारा संच बाजारात येऊन कितीतरी वर्षं झालीत. मी ज्याला भविष्य म्हणत होतो त्याचं तिथं गंजलेलं जुनं मॉडेल गोठ्यात टांगलेलं होतं.

तेव्हा ठरवलं, भाषण पुरे, आता प्रात्यक्षिक. शाळेचं संडासामागं दहा गुंठे वावर आहे. त्यात रब्बीचा कांदा लावायचा आणि सगळं अचूक करायचं. पहिली पायरी, हद्दीचा नकाशा. पोरांना गॅदरिंगच्या उरलेल्या पताका दिल्या, एकाच्या हातात माझा मोबाईल दिला आणि बांधावरून फिरायला लावलं. मोबाईलनं हिशोब करून वावर तेरा गुंठे काढलं. मला आनंद झाला. शाळेची जमीन वाढवणारा मी पहिलाच शिक्षक असेन.

शेजारचे आबा बांधावर आले. हातात विळा होता. तो जनावरांचा घास कापायचा होता, हे मला नंतर कळलं.

"मास्तर, मोजणी कुणी आणली?"

"मोजणी नाही आबा, प्रात्यक्षिक आहे."

आबांनी डोळ्यांवर हाताची झापड धरून मोबाईल न्याहाळला. निळी रेघ त्यांच्या घासातून जाऊन विहिरीला वळसा घालून परत आली होती. "मंग प्रात्यक्षिकात माझी हीर कशी गेली?"

मी त्यांना समजावलं. उघड्या आभाळाखालीसुद्धा मोबाईलचं जीपीएस ३ ते ५ मीटर इकडंतिकडं दाखवतं. झाडाखाली, भिंतीजवळ आणखी चुकतं. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, बाजू जेमतेम दहा मीटर. तेव्हा दोन्हीकडून पाच-पाच मीटरची चूक धरली तर अख्खा गुंठा त्या चुकीतच बसतो. भूमी अभिलेखवाले आता रोव्हर घेऊन येतात, त्याला जमिनीवरच्या कायमच्या केंद्राकडून दुरुस्ती मिळते, म्हणून त्याची चूक काही सेंटीमीटरवर येते. आपल्या मोबाईलला तसली सोय नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन सातबारा घेऊन आले. त्यांचा चुलतभावाशी दोन हातांच्या बांधावरून दिवाणी दावा चालू आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. त्या माणसाला मी पाच मीटरची किरकोळ चूक समजावून सांगत होतो.

शेवटी चहा झाला. हेडसर मध्ये पडले. आबा मोठ्या मनाचे, नुसते शांत झाले नाहीत तर कांद्याला आपल्या विहिरीचं पाणी देतो म्हणाले. पताका मात्र त्यांनी मोजून काढायला लावल्या.

जमिनीवरून जमेना म्हणून मी आकाशात गेलो. युरोपच्या अवकाश संस्थेचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्यावरून जातात आणि त्यांची चित्रं फुकट मिळतात. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटरचा चौकोन, १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटर. संगमनेर तालुका डोळ्यांपुढे ठेवूनच त्यांनी कॅमेरा बनवला असावा. निरोगी पान तांबडा उजेड खातं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड परतवतं. दोन्हीची वजाबाकी भागिले बेरीज केली की एनडीव्हीआय नावाचा आकडा येतो. जितका एकाच्या जवळ तितकी हिरवळ जोमदार. हे मी उत्तम शिकवलं, कारण यात अपूर्णांक होते आणि माती नव्हती.

चित्र उघडलं. आमचं शेत म्हणजे दहा-बारा रंगीत चौकोन. काठाचे निम्मे चौकोन अर्धे शेत, अर्धा संडासाचा पत्रा. कांद्याची पात उभी आणि बारीक, वरून बघितलं तर मधली मातीच दिसते, त्यामुळे कांदा सगळा फिका पिवळा. एकच चौकोन गडद हिरवा, डोळ्यांत भरेल असा. पोरांनी जागेवर जाऊन पाहिलं. संडासाच्या टाकीमागचं गाजरगवत होतं. उपग्रहाच्या दृष्टीनं आमच्या संस्थेतलं सर्वोत्तम पीक तेच. हेडसरांनी नकाशा बघून विचारलं, "म्हणजे ते उपटायचं का राखायचं?"

ड्रोनचं प्रकरण लवकर आटपलं. २०२१ च्या नियमांप्रमाणे फवारणीचा ड्रोन उडवायला प्रमाणपत्र लागतं आणि वय किमान १८. वर्गात तेवढ्या वयाचा मी एकटाच, आणि मला पतंगही कधी उडवता आलेला नाही. केंद्र सरकारनं १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन द्यायची योजना काढली, त्यातली एक ड्रोनदीदी शेजारच्या गावात होती. ती आमच्याच दहावीतल्या एका मुलाची आई निघाली. तिनं येऊन दोन मिनिटांत वावर फवारलं. बाकी तास तिच्याबरोबर फोटो काढण्यात गेला. मुलगा महिनाभर कॉलर ताठ करून हिंडत होता.

आता खरी गोष्ट. स्वयंचलित पाणी.

रचना अशी. आबांच्या विहिरीवरून पाइप, आमच्या वावराच्या तोंडाशी विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, पुढं ठिबकच्या नळ्या. जमिनीत सेन्सर. सेन्सर बोर्डाला सांगणार, बोर्ड रिलेला, म्हणजे विजेच्या खटक्याला, सांगणार, रिले व्हॉल्व्ह उघडणार. यात माणूस कुठंच नाही, असं मी तीन-चारदा अभिमानानं म्हणालो.

सेन्सरला दोन पाती असतात. मातीत ओल असली की त्यांच्यातून वीज सुळकन जाते, कोरडं असलं की अडते. बोर्ड त्यावरून ० ते १०२३ मधला एक आकडा देतो. आता कुणालाही वाटेल की आकडा मोठा म्हणजे ओल जास्त. मला वाटलंच. हा सेन्सर मात्र कोरड्याला मोठा आकडा देतो आणि ओल्याला लहान. आणि तो रिले! बाजारातले बरेचसे स्वस्त रिले असे असतात की त्यांना बोर्डानं 'चालू' म्हटलं की ते बंद होतात आणि 'बंद' म्हटलं की चालू. माझ्या घरीही एक व्यक्ती अशी आहे, नववीत शिकते. पण तिचा मला अंदाज आहे, रिलेचा नव्हता.

मी प्रोग्राम लिहिला: आकडा ४०० च्या खाली गेला म्हणजे जमीन कोरडी, रिलेला म्हणायचं 'चालू'. प्रत्यक्षात ४०० च्या खाली म्हणजे जमीन ओली होती. आणि 'चालू' म्हटल्यावर रिले बंद होत होता. म्हणजे ओल असताना पाणी बंद, कोरडं पडलं की सुरू. दोन्ही टोकांना उलटं समजून मी जोडलेली यंत्रणा अगदी सुरळीत चालायला लागली. कांद्यानं माना वर काढल्या. आबा येऊन बघून गेले, "मास्तर, जमलं बरं का तुम्हाला." हेडसरांनी मासिक सभेत अभिनंदनाचा ठराव मांडला. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, सर, याचा व्यवहारात उपयोग काय? उपयोग माझ्या डोळ्यांसमोर डोलत होता. मला तो दिसला नाही.

कौतुकाची बातमी वर पोचली आणि वरचे साहेब भेटीला येणार असं पत्र आलं.

आदल्या संध्याकाळी मी सगळं एकदा तपासायला घेतलं. तपासायला नको होतं. रिलेवर एक बारीक लाल दिवा असतो. प्रोग्राम 'बंद' म्हणतो तेव्हा तो पेटतोय, हे माझ्या लक्षात आलं. म्हटलं, बघा, केवढी चूक राहिली होती, साहेबांपुढे शोभा झाली असती. 'चालू'च्या जागी 'बंद' केलं, 'बंद'च्या जागी 'चालू' केलं. दोनातली एक चूक दुरुस्त झाली. समाधानानं घरी जाऊन पिठलं-भात खाल्ला.

आमच्याकडे शेतीची लाईट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तो आठवडा रात्रीचा. आबांची मोटार ऑटोवर, लाईट आली की आपोआप सुरू. रात्री लाईट आली, मोटार सुरू झाली. आमची माती ओली होती, आकडा लहान होता, म्हणून व्हॉल्व्ह उघडा होता. पाणी आलं तशी माती आणखी ओली झाली, आकडा आणखी लहान झाला, यंत्रणेला वाटलं, केवढा हा दुष्काळ. लाईट जाईपर्यंत, म्हणजे पार उजाडेपर्यंत, तिनं त्या दुष्काळाशी सामना केला. यात माणूस कुठंच नव्हता.

सकाळी साहेब आले. आधी प्रयोगशाळेत नेलं. टीव्हीवर मी तयार केलेला फलक होता, मोठ्या लाल अक्षरांत: ओलावा ० टक्के. खाली: व्हॉल्व्ह सुरू. साहेब खूश झाले. "म्हणजे जमीन कोरडी पडल्याचं यंत्राला कळलं आणि त्यानं स्वतः पाणी सोडलं? वा!" बरोबर आलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. साहेब म्हणाले, चला, प्रत्यक्ष पाहू.

साहेबांचे बूट चांगल्यापैकी होते. एवढंच सांगतो की त्यातला एक वाफ्यात राहिला. कांद्याच्या पातीचे शेंडे तेवढे पाण्यावर होते. साहेब एका पायावर उभे राहून माझ्याकडे बघत म्हणाले, "शून्य टक्के?" मी म्हणालो, "सर, हे रिअल टाइम आहे." आयुष्यात याहून निरर्थक वाक्य मी बोललो असेन, पण सुटाबुटातल्या माणसाला नव्हे.

तेवढ्यात खालच्या अंगानं आबा आले, चेहरा फुललेला. आमच्या वावरातून सांडलेलं पाणी उताराला त्यांच्या घासात गेलं होतं. रात्री उठून दारे धरायची त्यांची पाळी टळली होती. सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, तुमच्या सायन्सनं माझा घास भिजवला. आठवड्यातून एकदा असं करत जा." पाणी त्यांचंच होतं, त्यांच्याच विहिरीचं, त्यांच्याच मोटारीनं उपसलेलं. आमच्या इलेक्ट्रॉनिक्समधून फिरून गेलं एवढंच.

साहेबांचा बूट शिपाईमामांनी काढून, धुऊन आणून दिला. शेऱ्याच्या वहीत साहेबांनी 'उपक्रम स्तुत्य, निचऱ्याकडे लक्ष द्यावे' असं लिहिलं. शेतीविषयक त्या दिवसातलं सगळ्यात अचूक वाक्य तेच.

मी वायरी उपसत बसलो होतो तेव्हा आज्जीचा कोपरा सांगणारी ती मुलगी वही घेऊन आली. रोज सकाळी आकडा टिपायचं काम मी तिला दिलं होतं. तिनं आकड्याशेजारी स्वतःच्या मनानं आणखी एक रकाना आखला होता, 'मूठ' नावाचा. आकडा घेतला की तिथलीच वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून बघायची आणि लिहायचं. २९० च्या पुढं लिहिलं होतं, 'चिखल, बोटांतून निघतो'. ४७० च्या पुढं, 'लाडू होतो, टाकला की फुटतो, वापसा'. ७४० च्या पुढं, 'लाडू होत नाही, पाणी द्यावे'. पानंच्या पानं असं. आकडा वाढला की माती कोरडी, हे पहिल्या पानावरच्या तिसऱ्या ओळीतच दिसत होतं.

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"सर, तुम्ही म्हणला होता ना, यंत्रावर विश्वास ठेवा म्हणून."

तिनं जे केलं त्याला अंशांकन म्हणतात, आणि ते केल्याशिवाय कुठल्याही सेन्सरचा आकडा वाचण्यात अर्थ नसतो, हे माझ्या स्वतःच्या प्रोजेक्टरवरच्या स्लाइडमध्ये होतं. ती स्लाइड मी वेळेअभावी पुढं ढकलली होती. कारण त्या तासाला मी अमेरिकेतलं कम्बाइन दुसऱ्यांदा दाखवत होतो.

मग ती खोक्यातला दुसरा सेन्सर घरी घेऊन गेली आणि विहिरीकडच्या त्या खारवट कोपऱ्यात खुपसला. माती मुठीत भुसभुशीत, आणि आकडा मात्र ओल्याचा. क्षारांतून वीज जास्त जाते, म्हणून पात्यांच्या सेन्सरला खारी जमीन असते तेवढी कोरडी दिसत नाही. खताची मात्रा दिल्यावरही तसाच फसतो. आज्जीनं तो प्रयोग बघून एवढंच विचारलं म्हणे, "याला किती पैसे पडले?" शाळेच्या वावरात पुरलेल्या आमच्या सेन्सरच्या पात्यांचा मुलामा तोवर झडून गेलाच होता. सतत वीज वाहिली की तसं होतं.

यंदा वर्गात आधी मूठ, मग आकडा, असा क्रम आहे, आणि तो तास ती घेते. मी प्रोजेक्टर लावतो. तिचा तक्ता काळ्या जमिनीचा एक आणि मुरमाड जमिनीचा एक असा वेगवेगळा करावा लागला, कारण तोच आकडा दोन मातींत दोन गोष्टी सांगतो. मागच्या बाकावरच्या त्या वाटण्यावाल्यानं मध्ये विचारलं, कांदा काढू त्या दिवशी बाजार काय फुटेल ते सांगणारा सेन्सर खोक्यात हाय का? खोकं पुन्हा उलटं करून पाहिलं. नव्हता.

कांदा निघाला त्या वर्षी आमच्या दहा गुंठ्यांत बारा पिशव्या भरल्या. बांधापलीकडं आबांच्या तेवढ्याच तुकड्यात चाळीसच्या वर. आमच्यातल्या दोन पिशव्या जोडकांदा. घासाचं मात्र आबांना ते साल उत्तम गेलं.

ज्या शाळांत असं खोकं यायचं असेल त्यांना एक सांगणं. दोन उघड्या पात्यांचा सेन्सर घेऊ नका, कॅपॅसिटिव्ह घ्या. थोडा महाग पडतो, पण त्याचा धातू मातीला लागत नाही, म्हणून टिकतो. तोही कोरड्याला मोठाच आकडा देतो. बसवण्याआधी एकदा हवेत धरून आणि एकदा पाण्याच्या पेल्यात धरून दोन्ही आकडे भिंतीवर लिहून ठेवा. मग आपल्याच वावरातली माती मुठीत घेऊन मधले आकडे भरा. रिलेही आधी दिवा लावून पाहा, तो सरळ आहे का उलटा. पेल्यात सेन्सर बुडवताना त्यावरच्या पांढऱ्या रेघेपर्यंतच बुडवा; रेघेच्या वरचा भाग भिजला की तो गेला. माहितीपत्रकात हे लिहिलेलं असेलही, पण त्या चार भाषांत.